ताईंनी पास केलेलं यंत्र

“ऊपर वाला नहीं, भैया. नीचे से निकालो.”

टोमॅटो असोत, साड्या असोत की काडेपेट्यांचा पुडा, आमच्या शेजारच्या ताई वरची वस्तू कधी घेत नसत. ढिगाच्या पोटात हात घालायचा आणि तिथली एक बाहेर काढायची. आमच्या या हिंदी मुलखातल्या शहराबाहेर, खमरियाच्या सरकारी कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी तपासनीस म्हणून केली. आलेल्या मालातला मनाला येईल तो नग उचलायचा, घासूनपुसून, भिजवून, हलवून पाहायचा. तो टिकला तर सगळा माल पास, नाही तर सगळा परत. निवृत्तीनंतर कारखाना सुटला, सवय सुटली नाही. भाजीवाले आमच्या गल्लीत हातगाडी जरा लवकरच पुढे ढकलत.

मुलांनो, फोनमध्ये नकाशा असताना आजीच्या कारच्या काचेजवळ ते जाडजूड यंत्र कशाला, असं तुम्ही व्हिडिओ कॉलवर दर वेळी विचारता. ते यंत्र ताईंचं. म्हणून आधी ताईंबद्दल सांगते.

ताई एकट्या राहत. मुलगा पुण्याला. कुंडम गावाच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या एका गावात त्यांची मोठी बहीण होती. तीही एकटी, आणि कानाने अधू. फोनवर बोलणं होत नसे, म्हणून दर गुरुवारी ताई स्कूटरने जाऊन येत. औषधं, किराणा आणि भांडायला हक्काचं माणूस, असं सगळं बहिणीला त्या एका फेरीत मिळे.

एका गुरुवारी परतताना ताई भलत्याच फाट्याला वळल्या आणि अंधार पडेपर्यंत जंगलात फिरत राहिल्या. मुलाला कळलं. पुन्हा असं झालं तर स्कूटर विकायची, असं त्याने बजावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या.

“वहिनी, रस्ता सांगणारं यंत्र घ्यायचं आहे. इंग्रजी तुम्ही वाचा, बाकी मी पाहते.”

मी माझ्या मास्तरकीच्या सवयीप्रमाणे तक्ता केला: कोणतं यंत्र, काय काय करतं, बॅटरी किती चालते. ताईंनी तो उलटासुलटा पाहिला आणि म्हणाल्या की कागदावर सगळेच पास असतात.

फोन पहिल्याच फेरीत बाद झाला. कुंडमच्या पुढे नेटवर्क जातं. त्यांना नकाशा यंत्राच्या पोटातच हवा होता. शिवाय ऐन वळणावर कुणाचा फोन आला की नकाशा गायब. “असा वाटाड्या काहून ठेवायचा?” दुकानदाराने मग कारमध्ये लावायचं मोठ्या पडद्याचं सुंदर यंत्र दाखवलं. ताई ते घेऊन दुकानाच्या पायरीवर उन्हात गेल्या. पडद्यात नकाशाऐवजी त्यांचाच चेहरा दिसला. “आरसा घरी आहे,” म्हणत त्यांनी ते परत केलं.

तिसरं यंत्र मोटरसायकलसाठीच बनवलेलं होतं. लहान, जाड, कडेला रबर. मांडलेला नग ताईंनी घेतला नाहीच. दुकानाच्या आतल्या खोलीतून सीलबंद खोका मागवला, हातमोजा घालून पडद्यावर बोट फिरवलं आणि पाणी चालतं ना, याची दुकानदाराकडून दोनदा खात्री करून घेतली. मग त्याच्याकडेच लोटाभर पाणी मागितलं. बिचारा माझ्याकडे पाहू लागला. मी पंख्याकडे पाहिलं. ताईंनी लोटा यंत्रावर ओतला, पदराने ते पुसलं आणि सुरू केलं. आतून एक बाई शुद्ध हिंदीत बोलू लागली.

“आवाज मास्तरणीचा आहे,” ताई म्हणाल्या. “वहिनी, तुमच्यासारखा.”

यंत्र स्कूटरच्या हँडलवर बसलं. पहिली चाचणी जवळच्याच पाटन गावाला. तिथे आमचं काहीही काम नव्हतं. रस्ता ताईंच्या ओळखीचा नाही, एवढंच कारण. मी मागे बसले, जीव मुठीत धरून. ती बाई सांगेल तिथे ताई वळल्या आणि आम्ही सुखरूप घरी आलो. तरी त्या यंत्राला पास म्हणेनात. अनोळखी रस्त्यावर कुणीही ऐकतं, त्या म्हणाल्या, आता ओळखीच्या रस्त्यावर पाहू.

गुरुवारी सकाळी बहिणीची औषधं मांडीवर घेऊन मी पुन्हा मागे बसले. खमरियाजवळ यंत्राने उजवीकडे वळायला सांगितलं. ताई सरळ गेल्या. यंत्राने पुन्हा सांगितलं.

“चुकून राहिलं हे,” म्हणत त्यांनी स्कूटरचा वेग वाढवला.

कारखान्यात कामाची पाळी सुरू व्हायची वेळ होती. दुचाक्या आणि बसगाड्या कारखान्याच्या फाटकाकडे चालल्या होत्या. ताई त्या गर्दीत अलगद मिसळल्या, फाटकाशी रांगेत थांबल्या, एक पाय टेकवला आणि त्यांचा हात गळ्याशी गेला. कामावर जाताना गळ्यात असायची ती पासची दोरी चाचपत होता. मग त्यांनी मागे वळून मला पाहिलं.

“वहिनी, तुम्ही इथे कशा? तुम्हाला आत सोडणार नाहीत.”

पहारेकरी जवळ आला. माताजी, किसके यहाँ जाना है, असं त्याने अगदी आदराने विचारलं. ताई त्याच्याकडे पाहत राहिल्या, मग यंत्राकडे. ती बाई शांतपणे गाडी मागे वळवायला सांगत होती.

पुढच्या चहाच्या टपरीपाशी त्यांनी स्कूटर बंद केली. मुलाला यातलं काही सांगू नका, असं आता त्या म्हणतील असं वाटलं, आणि मी सांगितलंही नसतं. त्यांनी किल्ली काढली.

“यंत्र पास,” त्या म्हणाल्या. “मी नापास.”

इतक्या वर्षांची सवय, कुणाचंही असं होईल, असं काहीतरी मी बोलले. ताईंनी नकारार्थी मान हलवली.

“असं बोलणाऱ्याचा माल मी कधी सोडला नाही, वहिनी. स्कूटर विकते. पण गुरुवार नाही सोडणार. तुमची कार काहून उभी आहे?”

तुमचे आजोबा गेल्यापासून ती कार फक्त बँकेपर्यंत जात होती. पुढच्या गुरुवारी ताईंनी स्वतःच्या हाताने यंत्र तिच्या काचेजवळ बसवलं आणि मला हुकूम दिला, की त्यांनी स्वतः काहीही म्हटलं तरी मी यंत्रातल्या बाईचंच ऐकायचं. पुढे वाटेत त्या खरोखरच काहीही म्हणू लागल्या, कधी ठासून, कधी रागावून. मी त्यांचा हुकूम पाळला आणि त्यांच्याशी वाद न घालता वळत राहिले.

गेल्या हिवाळ्यात मुलगा त्यांना पुण्याला घेऊन गेला. निघताना त्यांनी माझ्या हातावर बहिणीच्या गोळ्यांची पिशवी ठेवली.

त्या गुरुवारी मी पहिल्यांदा एकटी गेले. बहीण अंगणात उभी होती. तिने काचेतून रिकाम्या सीटकडे पाहिलं. मग दार उघडून तिथे बसली, पाय बाहेर सोडून, आणि कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तशी मोठ्याने विचारती झाली, “पुढच्या गुरुवारी?”

मी होकारार्थी मान डोलावली. तेवढ्याने तिचा विश्वास बसेना. तिने कानामागे हात धरला.

मी इतक्या मोठ्याने “येणार” म्हटलं, की कुंपणावरची कोंबडी फडफडत खाली उतरली.