पाठ केलेला तक्ता

सोमवारी आमच्या गावच्या शाळेत डॉक्टरांची गाडी आली होती… पोरांची तपासणी. भडगावपासून जवळच आहे आमचं गाव. रांग सांभाळायला बाईंनी मला बोलावलं, कारण पोरं मास्तरांना घाबरत नाहीत, माझ्या तोंडाला घाबरतात.

वजन झालं, उंची झाली, दात बघून झाले. मग डोळे. नर्सताईंनी भिंतीवर अक्षरांचा तक्ता टांगला आणि माझ्या नातीचा, खुशीचा नंबर आला. तिसरीत आहे ती.

ताई म्हणाल्या, उजवा डोळा झाक आणि वाच. पोरीने हात ठेवला आणि धडाधडा वाचून मोकळी… कुठे अडली नाही. मी आपली मान ताठ करून उभी.

ताईंनी मात्र तक्त्याकडे वळून बघितलं. म्हणाल्या, "बाळा, परत वाच." तिने परत तेच वाचलं, त्याच चालीवर. तेव्हा मी तक्त्याकडे नीट बघितलं. माझी शाळा चौथीतच सुटली, पण एवढी मोठी अक्षरं मलाही कळतात… पोरगी म्हणत होती त्यातलं एकही अक्षर तिथे नव्हतं.

ती गेल्या वर्षीचा तक्ता म्हणत होती.

गेल्या वर्षी काय झालं, ते सांगते. तपासणीला पोरं बुजतात, म्हणून बाईंनी तक्ता आधीच वर्गात लावून ठेवला. बाईंचा हेतू चांगला होता. पण कोणाच्या तरी आईने त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला… पेपर फुटल्यासारखा.

मग काय, संध्याकाळी ओट्याओट्यावर पोरं टाळ्या वाजवून तक्ता म्हणायला लागली. माझी सून भाकरी थापता थापता ऐकायची, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. मीही कान देऊन बसायची. शेजारचा बबलू चुकला की बरं वाटायचं मला, खोटं कशाला बोलू.

सगळी गल्ली पास झाली. शाळेत एकाही पोराचा डोळा अधू निघाला नाही म्हणून आम्ही बर्फी वाटली. डोळे तपासल्याची बर्फी वाटणारं दुसरं गाव कुठे असेल तर मला कळवा.

तर सोमवारी… ताईंनी सगळ्यात वरच्या, सगळ्यात मोठ्या अक्षरावर बोट ठेवलं. हे कोणतं? पोरीने नुसती मान हलवली. मी म्हटलं, "काय गं, दिसत नाही तर तोंड उघडायला काय झालं होतं तुला?"

ती म्हणाली, "आजी, हाऊ देखाना डोळा नही शे."

म्हणजे हा बघायचा डोळाच नाही. तिला वाटत होतं, सगळ्यांचं तसंच असतं… एक डोळा बघायला आणि दुसरा नुसता.

मग दुसरा डोळा झाकून बघितलं, तर पोरीने खालची बारीक ओळसुद्धा वाचली. म्हणूनच घरात कोणाला पत्ता लागला नाही. मला सुई ओवून देते, सायकल दामटते… सगळं त्या एका डोळ्यावर.

ताईंनी सगळी रांग पहिल्यापासून तपासली. आणखी एक पोरगा निघाला. बबलू नाही. त्याची आई म्हणाली, "अक्का, आमचा तर गेल्या वर्षीच पास होता." मी म्हटलं, "आमची पण पास होती, बाई."

दुसऱ्या दिवशी सून आणि मी पोरीला घेऊन एसटीने धुळ्याला गेलो, डोळ्यांच्या डॉक्टरकडे. डॉक्टर म्हणाले, डोळा आळशी झालाय. चष्मा लावा, चांगल्या डोळ्यावर रोज पट्टी लावा, म्हणजे आळशी डोळ्याला काम पडेल. सुधारेल, पण कितपत ते आत्ता सांगत नाही. मी विचारलं, गेल्या वर्षी आणली असती तर? त्यांनी एकदा सुनेकडे बघितलं आणि म्हणाले, "आजी, जेवढं लवकर तेवढं बरं असतं."

एवढंच म्हणाले. पुरे होतं.

आता पट्टी लावली की पोरगी दाराच्या चौकटीला धडकते. सून पदर डोळ्याला लावून बसते. मी तिला म्हणते, रडून काही होत नाही, पट्टी काढू देऊ नकोस तेवढं बघ. पण आत गेले की मलाही चैन पडत नाही… ते वर्ष काही परत मिळायचं नाही.

तुमच्या पोरांच्या शाळेत अशी गाडी आली, तर त्यांना काही शिकवून पाठवू नका. अडू द्या, चुकू द्या, चारचौघांत नापास होऊ द्या. जे पोरगं तिथे अडतं, त्याच्याकडेच डॉक्टर नीट बघतो.

आमची गेल्या वर्षी अडली नाही… आम्ही तिला अडूच दिलं नाही.