पहिला घास दुसऱ्याला

एक घटना विसरू म्हणतो, पण विसरता येत नाही.

सत्तरच्या दशकाचा मध्य होता आणि मी सोलापुरात फौजदार होतो. एका बुधवारी दुपारी शुक्रवार पेठेच्या बीटवरचा हवालदार धापा टाकत आला. "साहेब, त्या हबशीणबाईच्या खानावळीत चार माणसं वकाय लागल्यात. रॉकेलचा लई वास येतोय की!"

तसली खानावळ साऱ्या गावात एकच होती. पेठेतला एक मिस्त्री गिरणीच्या कामाला अ‍ॅबिसिनियात, म्हणजे आताच्या इथिओपियात गेला आणि तिथंच लग्न करून राहिला. तिकडं राजाची गादी गेली, तसा बायकोला घेऊन गावी परतला. बाई बुधवारी नि शुक्रवारी उपास करायची. तिचा उपास आपल्या उलटा. मटण-अंडी नाहीच, दूध-तूपसुद्धा बंद. डाळ, कोबी, भाकरी मात्र चालायची. त्या दोन दिवशी ती पुढच्या खोलीत लोकांना जेवू घालायची. ज्वारीचं पीठ तीन दिवस आंबवून परातीएवढी जाळीदार आंबोळी करायची. तिच्यावर करडईच्या तेलातली मसूर, कोबी आणि पिठल्यासारखं काहीतरी. चार-पाच जणांत मिळून एकच ताट. आधी लोकांनी नाकं मुरडली, मग चटक लागली.

मी जाऊन पंचनामा केला. आंबवलेल्या पिठाच्या मडक्यात कुणीतरी रॉकेल ओतलं होतं. चुलीच्या धुरात बाईला वास कळला नाही आणि कालवणात लसूण-मिरची सढळ घातलेली, त्यामुळे पहिल्या दोन घासांत जेवणाऱ्यांनाही कळलं नाही. चौघं संध्याकाळपर्यंत सावरले. फिर्याद मिस्त्रीनंच दिली.

"साहेब, माझा त्या मास्तरवर संशय हाय," तो म्हणाला. "दर बुधवारी येतंय, पार चुलीपातूर जातंय. आजच कसं आलं न्हाय?"

मास्तर म्हणजे जवळच्याच शाळेतले शिक्षक, एकटे राहणारे, बोलघेवडे. बाईला मराठी जेमतेम यायची, म्हणून तिचा जबाब मी मिस्त्रीलाच दुभाषी करून घेतला. ही माझी पहिली चूक.

लोक सांगत होते, आता खानावळ उठली. पण पुढच्या बुधवारी बाईनं हट्टानं पुन्हा चूल पेटवली. मास्तरांना जवळून पाहावं म्हणून मी साध्या कपड्यांत गेलो आणि पोलीस वाटू नये म्हणून पत्नीला बरोबर घेतलं. गिऱ्हाईक आम्ही दोघं आणि मास्तर, एवढंच. तिघांत एक ताट आलं. बाईनं खुणेनं रीत सांगितली: पहिला घास आपल्या तोंडात घालायचा नाही, शेजारच्याला भरवायचा.

मी हात आखडला. वर्दी नसली तरी ताठा अंगात होताच. मास्तरांनी मात्र आंबोळीचा तुकडा तोडला, मसूर गुंडाळली आणि "घ्या वहिनी, रीतच हाय की हितली," म्हणत माझ्या बायकोला भरवला. ती लाजली आणि मग खळखळून हसली. आमच्या संसाराला तेव्हा बारा वर्षं झाली होती. तसं हसू माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं. लग्नात उखाणा घेऊन मी तिला एक जिलबीचा घास भरवला होता, तेवढाच. वर पाहिलं तर दारात मिस्त्री उभा होता. माझं तोंड त्या क्षणी कसं झालं असेल, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांना शाळेतून बोलावून घेतलं. दिवसभर उलटसुलट विचारलं. खोटं बोलणाऱ्याला वेळा पाठ असतात, खऱ्याला आठवाव्या लागतात. मास्तर आठवून आठवून सांगत होते. त्या बुधवारी ते कुर्डुवाडीला आजारी बहिणीकडे गेले होते. संध्याकाळी त्यांना घरी सोडलं आणि बाईला एकटीला बोलावून पुन्हा जबाब घेतला.

"त्या दिवशी लोक आले तेव्हा तुझा नवरा कुठं होता?"

"घरात. पण जेवला नाही," ती मोडक्या मराठीत म्हणाली. "रोज पहिला तोच जेवतो. त्या दिवशी म्हणाला, पोट दुखतं."

तिथंच गुन्हा उकलला. मिस्त्रीला समोर बसवला, तेव्हा त्यानं फार ताणलं नाही.

"तिकडं पयला घास मलाच भरवायची, साहेब. हितं आल्यापास्नं साऱ्या गावाला भरवती. मी नुसता ताटं उचलतोय. वाटलं, खानावळ बंद पडली की परत माझीच हुईल."

हे सगळं गुरुवारी संध्याकाळी कागदावर आलं होतं. तरीही शुक्रवारी सकाळी मी मास्तरांना पुन्हा हजर राहायला लावलं आणि रस्त्याकडच्या बाकावर संध्याकाळपर्यंत बसवून ठेवलं. स्टेशन डायरीत लिहिलं, 'चौकशीकामी'. येणारेजाणारे पालक बघत होते. शाळेतली पोरंही बघून गेली.

सोडताना मास्तर म्हणाले, "साहेब, माजं काय चुकलं तेवढं सांगा की."

"चौकशी होती. जा आता," मी म्हणालो.

मिस्त्रीला शिक्षा झाली. खानावळ बंद पडली. मास्तरांना शाळेनं ठेवलं नाही. ते गाव सोडून गेले. मला मात्र वरून शेरा आला, तपास उत्तम.

खात्यानं मला दुसऱ्यावर संशय घ्यायला शिकवलं होतं. या केसनं स्वतःवर घ्यायला शिकवलं, पण उशिरा. मिस्त्रीनं हेव्यापायी मडक्यात रॉकेल ओतलं आणि कबूल केलं. मी हेव्यापायी एका निर्दोष माणसाचा चव्हाट्यावर पंचनामा केला आणि शाबासकी घेतली.

त्या शुक्रवारी घरी गेलो तेव्हा पत्नीनं विचारलं होतं, "मास्तरांचं काय झालं हो?" मी म्हणालो, "सोडलं, निर्दोष होते." ती म्हणाली, "बरं झालं तुमच्या हाती तपास होता."

मी तिला खरं कधी सांगितलं नाही. माझं लिहिलेलं सगळं आधी तीच वाचते. हेही वाचेल.