वेणूगुरुजींचा खूणपट

वेणीमाधव हे नाव आजोबांचं. पंचेचाळिशीतल्या माणसाला ते जरा ढगळच होतं, म्हणून सगळे त्यांना वेणूगुरुजी म्हणतात. एका कॉलेजच्या ऑफिसात ते हेडक्लार्क. ऑफिसला जाण्याआधी जुळे सोलापूर भागात कुणाचा सत्यनारायण, कुणाची वास्तुशांत सांगतात. आणि रविवारी दुपारी, जेवणं आटपली की हाच सोवळ्यातला माणूस हॉलमध्ये सतरंजी टाकून परदेशी जादू करत बसतो.

जादू म्हणजे खेळातली. कॉलेजच्या लायब्ररीत त्यांच्या हाती उत्तरेकडच्या देशांवरचं एक जाडजूड पुस्तक लागलं. नॉर्वे-डेन्मार्ककडचे जुने लोक लाकडावर रून नावाची अक्षरं कोरत. उभ्या आणि तिरप्या रेघांची, कारण आडवी रेघ लाकडाच्या शिरांत हरवून जाते. गुरुजींना ही गोष्ट इतकी आवडली की आठवडाभर भेटेल त्याला पकडून सांगत सुटले होते. मग त्यांनी स्वतःच्या खुणा बेतल्या, नियम बांधले आणि खेळाला नाव दिलं खूणपट.

खेळात एक गाव आहे आणि त्या गावावर संकट आहे. तिकडच्या कथांत न संपणारा हिवाळा येतो म्हणे. इथं बर्फ पाहिलाय कुणी? गुरुजींनी न संपणारा उन्हाळा आणला, आणि तो काय असतो हे सोलापुरात कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. गाव वाचवायचं तर लिंबाच्या काडीवर खूण कापायची, तिच्यात रंग भरायचा आणि तिचं नाव सूर लांबवून मोठ्यानं हाकारायचं. फुकट काहीच मिळत नाही. पाणी बोलावलं की खेळातल्या तुमच्या माणसाची झोप जाते, वाट उघडली की सावली जाते. तिकडे रंगाऐवजी रक्त भरत. पण दर रविवारी खेळायला येणारा, चादरीच्या दुकानात बसणारा शिवराज पक्का लिंगायत, तो म्हणाला, "ओ गुरुजी, आमच्या घरात अंड्याचं नाव काढत न्हाईत, आन् तुमी रगात काय सांगता?" तेव्हा गेरू आला.

एक नियम मात्र कुठल्याच पुस्तकातला नव्हता. पूजा कितीही नीट केली तरी शेवटी हात जोडून चुकलंमाकलं पदरात घे म्हणायचं, हे गुरुजींच्या हाडीमाशी खिळलेलं. खूण वाकडी कापली गेली, हाक चुकली, की ते हात जोडून क्षमा मागत आणि खूण लागू व्हायची. त्यामुळे गाव दर रविवारी वाचायचं. शिवराज वैतागायचा. "ह्यात हारायचं कुटं हाय की? उन्हाळाच येडा झालाय आपला!"

गुरुजी हसून सोडून देत. त्यांचं निम्मं लक्ष आतल्या खोलीच्या दाराकडे असे. तिथं त्यांची मुलगी उर्वी असायची. उर्वी नववीत. लहानपणापासून बोलताना अडखळायची, पण बोलायची. यंदा वर्गात कुणीतरी तिची नक्कल केली आणि तिनं बोलणंच टाकलं. हजेरीला हात वर करायची, घरात मान हलवायची. आपल्या लेकीनं पुन्हा तोंड उघडावं, एवढी एकच गोष्ट गुरुजी रोज देवापाशी मागत होते.

आणि एका रविवारी ती आपणहून सतरंजीवर येऊन बसली. गुरुजींना तिला कुठं ठेवू आणि कुठं नको असं झालं. तिनं काडी घेतली आणि वाट उघडायची खूण कापली, बापाला जमली नसती इतकी सुबक. गेरू भरला. आता हाक द्यायची होती.

"व... व... व्..."

तिची मान ताणली गेली. डोळे मिटले. गुरुजींचे हात आपोआप जोडले गेले. "चुकलंमाकलं पदरात घे!" ते घाईघाईनं म्हणाले. "झालं! लागली खूण! वाट उघडली!"

उर्वीनं डोळे उघडले. बापाच्या जोडलेल्या हातांकडे एकदा पाहिलं, काडी खाली ठेवली आणि आत निघून गेली.

शिवराज गेल्यावर गुरुजींच्या बायकोनं, चेतनावहिनींनी, तोफ डागली. "अहो, माफी कसली मागितलीत तिच्या वतीनं? काय गुन्हा केला पोरीनं?"

"मी तिला सोडवायला गेलो गं."

"सोडवायला! दुकानात तिचं वाक्य तुम्ही पुरं करता. पाहुण्यांपुढे ती बोलायच्या आधी तुम्ही ओशाळं हसता. तिनं बोलायचं कधी?"

बाण वर्मी लागला होता. इतकी वर्षं आपण लेकीला जपतोय असं समजून ते लोकांपुढे तिच्याबद्दल हात जोडत आले होते. लाज वाटली, स्वतःची.

ते आत जाऊन तिच्या कॉटच्या कडेला बसले. काही बोलले नाहीत. बोलायची सवय असलेल्या माणसाला हे किती जड जातं ते त्यांनाच ठाऊक. बऱ्याच वेळानं उर्वी म्हणाली, "मा... माफी का... काढून टाका, बाबा."

शब्द पुरा करून द्यायला त्यांची जीभ शिवशिवत होती. त्यांनी ती दाताखाली धरली.

"चु... चुकली खूण तर ख... खरवडायची. पुन्हा का... कापायची."

"अगं, पण तेवढ्यात ऊन वाढेल. गाव जाईल."

"जा... जाऊ दे."

पुढच्या रविवारी नियम बदलला: खूण चुको की हाक, काडी खरवडून पुन्हा कापायची, आणि दर चुकीला ऊन पटावर एक घर पुढं सरकणार. शिवराजची कळी खुलली. "आता कसं! आता खेळ झाला की!"

उर्वीची पाळी आली. तिनं खूण कापली, रंगवली, हाकारायला गेली आणि अडकली. गुरुजींनी हात मांडीवरच ठेवले. शिवराजनं पंख्याकडे नजर लावली. उर्वीनं चाकू घेऊन खूण खरवडली, पुन्हा कापली. खेळातलं ऊन एक घर पुढं सरकलं, विहीर आटली. पुन्हा अडकली, पुन्हा खरवडलं, गुरं गेली. गुरुजींचा जीव नुसता वरखाली होत होता, गावासाठी नव्हे. काडी बारीक होत चालली. मग तिनं सूर धरला, अक्षर ओढून लांबवलं, मध्ये एक झटका बसला तो बसू दिला, आणि हाक पुरी केली. "वा...ट!"

वाट उघडली. पण उशीर झाला होता, उन्हाला शेवटचं एकच घर उरलं होतं. तिच्यापाठोपाठ शिवराजला पाण्याची हाक द्यायची होती. तो हर्षाच्या भरात भलतीच खूण कापून बसला. उन्हानं गाव गिळलं. खूणपटात पहिल्यांदाच सगळे हरले.

गुरुजी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेले. पाठीमागं हॉलमध्ये आवाज चढला.

"का... काका, तुमच्यामुळं गे... गेलं गाव!"

"माज्यामुळं? आन् विहीर कुणी आटवली की?"

"वि... विहीर गेली तरी वा... वाट होती! तुम्हाला पा... पाण्याची खूण येत नाही, ब... बघत नाही तुम्ही नीट!"

"आता पोरगी मलाच शिकवाय लागली बग!"

"शि... शिकवणारच!"

चहाला उकळी फुटून तो ओट्यावर सांडला. चेतनावहिनी धावत आल्या आणि गॅस बंद करणार तोच थबकल्या. गुरुजी ओट्याला टेकून उभे होते, डोळे भरून वाहत होते, आणि बाहेर त्यांची लेक अडखळत, धापा टाकत, भांडभांड भांडत होती.