शंभरचा स्क्रू

आयुष्यात मी एकदाच ॲम्प्लिफायर विकत घेतला, आणि तो वजनावर घेतला. तराजूत घालून नव्हे, कलिंगड उचलून बघतात तसा हातात उचलून. लॅमिंग्टन रोडच्या त्या दुकानात फळीवर पाच-सहा मशिनं मांडली होती. मी एकेक उचललं आणि जे उचलताना कमरेत कळ आली, ते पसंत केलं. दुकानदार विचारत होता, "बहनजी, आपका स्पीकर कितने ओहम का है?" मी म्हटलं, "घर का-च है." माझ्या मते उत्तर पूर्ण होतं.

गेल्या महिन्यात ही गोष्ट परत वर आली. मुलाला घरात होम थिएटर करायचंय. त्याचा रिसीव्हर नवा घ्यायचा, पण स्पीकर आमचे जुनेच ठेवायचे, म्हणजे त्याच्या बाबांनी स्वतः बनवलेले दोन लाकडी खोके. त्याने दुकानात फोन लावला, आणि तिकडून तोच प्रश्न आला. मुलगा खोक्याची पाठ बघायला वाकला, तोवर मी मेथी निवडता निवडता सांगून टाकलं, "आठ ओहम, तीस वॅट. आणि फार ताकदीचा नको म्हणावं." सून हसली. मुलगा मात्र बघतच राहिला. हा आकडा मी शिकले तेव्हा तो दोन वर्षांचा होता.

तेव्हा आम्ही लालबागला चाळीत, दुसऱ्या मजल्यावर राहायचो. आमचे यजमान गिरणीत साचेवाले. मागाला तिथे साचा म्हणत. आठ तास साच्यांच्या खडखडाटात उभं राहिल्यावर त्यांना घरी गोड आवाज लागायचा. सागाच्या फळ्या आणून, रंधा मारून, आत काथ्या भरून त्यांनी ते खोके केले होते. हळदीला, पूजेला, गणपतीला ते भाड्याने जायचे. संप लागला आणि पगार बंद झाला, तेव्हा खोकेच घर चालवायला लागले.

मग गिरणीच्या गेटवर एक सभा झाली, तिथे आमचाच ॲम्प्लिफायर लावला होता, आणि लाठी चालली. पहिली लाठी ॲम्प्लिफायरवर बसली, दुसरी यजमानांच्या खांद्यावर. खांद्याचं त्यांनी कधी नाव काढलं नाही. ॲम्प्लिफायरचे तुकडे मात्र रुमालात बांधून घरी आणले.

त्या सभेला मीही होते. सव्वीस वर्षांची होते आणि स्वतःला रणरागिणी समजत होते. संपफोड्या कामगारांना घेऊन जाळी लावलेली लॉरी आत शिरली, तशी मी पदर खोचला, "तंगड्या तोडा मेल्यांच्या!" म्हणून किंचाळले आणि सोडावॉटरची बाटली भिरकावली. बाटली लॉरीपर्यंत पोचलीच नाही. आमच्याच बाजूच्या एका म्हाताऱ्याच्या पायाशी फुटली आणि त्याच्या पोटरीत काच घुसली. तो म्हणाला, "बाई, तू घरी जा. पोलीस पुरे आहेत." मी गेले नाही. दुसरी बाटली शोधत होते.

आणि ज्यांच्या तंगड्या तोडायच्या होत्या, त्यातला एक आमच्या शेजारच्या खोलीत राहत होता.

हे मला कळलं ते एका धाग्यावरून. शेजारचे भावोजी यजमानांच्याच खात्यातले, मालवणकडचे, हलक्या आवाजाचे. रागवले किंवा घाबरले की सरळ मालवणीत जायचे. संपाला सहा महिने होऊन गेले होते. अख्ख्या गिरणगावात कुणाच्या डोक्यात कापूस उरला नव्हता, आणि एका दुपारी गॅलरीत भावोजींच्या कानामागे मला पांढरा तंतू दिसला. मी तो दोन बोटांनी उचलून त्यांच्यासमोर धरला. त्यांनी वळून खोलीच्या दाराकडे बघितलं. आत त्यांच्या बायकोला सातवा महिना होता, आधीची दोन राहिली नव्हती. मी तंतू फुंकून दिला आणि म्हटलं, "भावोजी, तिथून निघताना डोक्यावरून आंघोळ करून येत जा."

एवढंच. यजमानांनासुद्धा सांगितलं नाही. कारण संपफोड्यांचं काय होतं ते रोज दिसत होतं. काळाचौकीला एकाला भर रस्त्यात सायकलच्या साखळीने मारलं, त्याचा एक डोळा गेला. दुसऱ्याच्या दारात बायकांनी बांगड्या फोडल्या, मग आत शिरून भांडी फोडली, मग त्यालाही. भावोजी सापडले तर जिवंत राहणार नाहीत, हे मला पक्कं माहीत होतं. गेटवर मी "तोडा" म्हणून ओरडायचे आणि घरी येऊन शेजारणीला डिंकाचे लाडू द्यायचे. एकाच दिवसात दोन्ही करायला मला काहीच अडचण वाटत नव्हती. आता वाटते.

आषाढात यजमान लावणीला गावी गेले. तिथून पत्र आलं. त्यात माझ्या तब्येतीची एक ओळ आणि खोक्यांच्या तब्येतीच्या नऊ. शेवटी लिहिलं होतं: ‘ॲम्प्लिफायर मी आल्यावर बघू. खोक्यांच्या पाठीवर पट्टी आहे, त्यावरचे आकडे जुळल्याशिवाय काही जोडायचं नसतं. तू यात पडू नकोस.’

हे शेवटचं वाक्य त्यांनी लिहायला नको होतं. आमच्या लग्नात कुणी पत्रिका जुळवली नव्हती आणि हे लाकडाच्या खोक्यांची जुळवायला निघाले! गणपती जवळ आले होते, ऑर्डरी हातच्या जात होत्या. मी शिवणाचं मशीन विकलं आणि लॅमिंग्टन रोड गाठला. पुढचं तुम्हाला माहीत आहे.

मशीन घरी आणलं. मागच्या बाजूला वायर जोडायचे चार स्क्रू होते. चार, आठ, सोळा आणि शंभर असे आकडे त्यांच्याखाली लिहिलेले. पट्टीवर काय लिहिलंय ते बघायला खोके भिंतीपासून ओढावे लागले असते, आणि खोक्यांवर तांदळाचे डबे होते. मी विचार केला, शंभर मिळत असताना चार कोण घेईल? शंभरच्या स्क्रूला दोन्ही खोक्यांच्या वायरी पिळून बसवल्या. बारीक आवाजात भजन लावलं, तर वाजलं की हो! दोन दिवस मी चाळीत अशी फिरत होते की जणू वीज मीच शोधून काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी तळमजल्यावरचा मिशीवाला दारात आला. चाळीतल्या संप कमिटीचा पुढारी. एरवी माझ्याकडे मान वर करून बघायचा नाही.

"काय वैनी, एकदम मोठी मशीन आणली म्हणे?"

"आणली."

"आवाज काढते काय नुसतीच दिसायला?"

"अख्खं लालबाग उठवीन, बघायचंय?"

"बघायचंय ना! आज साडेतीनला लावा. ही घ्या कॅसेट, ढोलकीची भजनं आहेत. फुल सोडा एकदम. आणि मधे बंद नका करू हां, पूर्ण बाजू वाजू दे. आवडली तर यंदा मंडळाची ऑर्डर तुमची."

साडेतीनच का, हा प्रश्न एखाद्या शेंबड्या पोरीलाही पडला असता. मला पडला नाही. मी साडी बदलली. हो, ॲम्प्लिफायर वाजवायला साडी बदलली.

साडेतीनला मी बटण शेवटपर्यंत फिरवलं. काय आवाज! फळीवरची भांडी नाचायला लागली. गॅलरीत बायका जमल्या. समोरच्या चाळीतले लोक खिडक्यांत आले. शेजारीण पोटावर हात ठेवून दारात उभी राहिली आणि माझ्या कानाशी तोंड आणून म्हणाली, "वैनी, बाळ नाचतंय बघा!" मी तिचा हात बाजूला करून माझा हात ठेवला. खरंच नाचत होतं.

चौथ्या भजनात गाणाऱ्याचा घसा बसल्यासारखा झाला. मी म्हटलं कॅसेट जुनी असेल. मग करपल्याचा वास आला. मी म्हटलं कुणाचं तरी दूध उतू गेलं. मग डावा खोका फट्‌ करून फुटल्यासारखा झाला, पाठोपाठ उजवा, आणि दोघांच्या तोंडांतून धूर निघाला. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा गेला. सगळं चिडीचूप. समोरच्या खिडकीतून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मला रडू फुटणार, इतक्यात तो आवाज ऐकू आला.

धप्‌. धप्‌. मग थोडं थांबून परत धप्‌.

"आता कोण गो धुणा धोपटता?" पलीकडच्या खोलीतली म्हातारी म्हणाली.

आमच्या चाळीला पाणी पहाटे दोन तास यायचं. धुणी सात वाजायच्या आत उरकायची आणि मागच्या अंगणातला धुण्याचा दगड त्यानंतर दिवसभर कोरडा असायचा. साडेतीन वाजून गेल्यावर त्या दगडावर धोपटण्यासारखं काही असूच शकत नव्हतं. मी शेजारणीकडे बघितलं. पहिली पाळी तीनला सुटते हे तिला माहीत होतं आणि मलाही.

"ह्ये!" ती एवढंच म्हणाली, आणि भिंत धरून खाली बसली.

म्हातारीने तिला धरलं. मी हाताला लागली ती कपडे वाळत घालायची लांब काठी उचलली आणि जिन्यावरून धावत सुटले.

मागच्या अंगणात तिघं जण होते. भावोजी दगडाशी मुटकुळं करून पडले होते, तोंड गटाराच्या पन्हाळीत. एकाच्या हातात साच्याचा लाकडी दांडका होता, ज्याने मागावर सूत घेऊन पळणारा धोटा फेकला जातो तो. त्याच दांडक्याने तो बरगड्यांवर मारत होता, एका लयीत, घाई न करता. दुसऱ्याने केस धरले होते. आणि मिशीवाला भावोजींच्या उजव्या पंजावर टाच ठेवून उभा होता आणि टाच फिरवत होता, विडी विझवतात तशी. दगडावरून रक्त ओघळत होतं. भावोजींच्या तोंडातून आवाज नव्हता. मला वाटलं, गेले.

मिशीवाल्याने मला बघितलं. "वैनी, वर जा. बाईमाणसाचं काम नाय हे."

मी काठी त्याच्या कानावर घातली. तो डगमगला, पण टाच काढली नाही. "नवऱ्याचा खांदा विसरलात काय? हा हरामखोर रोज साचे चालवतोय तिथे!" मी परत मारली, ती नाकावर बसली आणि काठी मोडली. तेवढ्यात तळमजल्यावरच्या काकू चुलीवरचं पेजेचं पातेलं तसंच उचलून आल्या आणि दांडकेवाल्याच्या पाठीवर ओतलं. तो जो किंचाळला, तो आवाज मी अजून विसरले नाही. खोटं कशाला बोलू, मला तेव्हा तो गोड वाटला होता. मग वरून बाकीच्या बायका आल्या, कुणी लाटणं, कुणी विळी घेऊन. तिघं निघून गेले. पळाले नाहीत, चालत गेले. मिशीवाला जाताना नाकाचं रक्त पुसत मला म्हणाला, "पूर्ण बाजू वाजवा म्हटलं होतं."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात साडेतीनचा उजेड पडला.

भावोजींना खाटेवर घालून परळच्या इस्पितळात नेलं. चार बरगड्या आणि मनगट मोडलं होतं. तीन बोटांचा चुरा झाला होता. संध्याकाळी घरी आले तर कॅसेट प्लेअर अजून चालूच होता, बाजू केव्हाच संपलेली.

यजमान गावाहून आले. खोके उघडले. आतल्या तारांचा कोळसा झाला होता.

"कुठल्या स्क्रूला लावलं होतंस?"

"शंभरच्या."

"का?"

"मोठा होता म्हणून."

त्यांनी खोक्यातून डोकं बाहेर काढलं. मला वाटलं, आता हात उचलतात. पण त्यांनी मला पट्टीसमोर बसवलं आणि तीन वेळा मोठ्याने वाचायला लावलं, "आठ ओहम, तीस वॅट." मग म्हणाले, "आठच्या स्क्रूला आणि बेताने लावलं असतंस ना, तर अख्खी बाजू वाजली असती."

संप तसा कधी संपलाच नाही, गिरण्याच संपल्या. मिशीवाल्याचीही नोकरी गेली. आता चाळीच्या जागी टॉवर आहे, आणि तो आमच्याच लिफ्टमधून येतो-जातो. नाक वाकडंच राहिलं. मला "काय वैनी, बरी?" विचारतो. मी "बरी" म्हणते. सहा मजले आम्ही दोघं आकडे बघत उभे राहतो.

शेजारणीला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, ठणठणीत. भावोजींची बोटं मात्र वळली नाहीत. तुटलेल्या धाग्याला गाठ मारायला तीच बोटं लागतात, म्हणून साचे सुटले. यजमान खोक्यांना नव्या तारा आणि नवे कागदी पडदे बसवायला लागले, तेव्हा भावोजी डाव्या हाताने बॅटरी धरून त्यांच्याशेजारी बसायचे.

माझ्या पोटात तेव्हापासून एक प्रश्न होता. भजनं मोठ्याने चालली होती तोवर ठीक आहे, कुणालाच काही ऐकू आलं नसतं. पण आवाज बंद पडल्यावर या माणसाने एक हाक तरी का मारू नये? बेशुद्ध तर नव्हते, खाटेवर घातलं तेव्हा डोळे उघडे होते. एक दिवस यजमान चहाला उठले तशी मी विचारलंच.

भावोजींनी बॅटरी विझवली. भिंतीपलीकडे बाळ रडत होतं, ते थांबेपर्यंत थांबले.

"वैनी, तुमचा गाणा वाजत होता तोवर मी बोंबलत होतंय. ता बंद पडला आणि मी तोंडात हात घालून गप झालंय. म्हटलंय, आता वर तिका ऐकाक येतला."