कापसाच्या फुलाचा दुसरा दिवस

१९४९ सालचा माघ महिना, बुधवार, सकाळची वेळ. माझ्याजवळ निजामाच्या हाली सिक्क्याचे सात रुपये आणि एक पत्र्याची पेटी. दारात हजर माणसं चार: वडील, आई, काका आणि काकू. काकूची मुलगी कमल हजर नव्हती. तिचं लग्न होऊन अठरा दिवस झाले होते. त्या लग्नात मी तोंड उघडलं, म्हणूनच मला आष्टीहून जालन्याला मामांकडं धाडत होते.

बैलगाडी परतूर स्टेशनाकडं वळली तेव्हा काकू म्हणाली, "तितं तोंड आवर गं बाई. मामी काय आमच्यावानी ऐकून घ्यायची न्हाई." वडील एवढंच म्हणाले, "घरातलं घरात ठिवावं." आई काहीच बोलली नाही. कुणी रडलं नाही. मीही नाही.

आष्टीत राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघंही मला आजवर विचारत आलेत की एवढ्याशा रुमालासाठी इतकी वर्षं धरून काय बसायचं? एवढासा म्हणजे किती, ते आधी सांगते.

दीड हात चौरस पांढरं कापड, ताटावर झाकायचं. त्यावर कापसाच्या फांद्या आणि चौदा फुलं. आठ पिवळी, सहा लालसर. दर फुलाला पाच पाकळ्या, दर पाकळीला चाळीस टाके. फुलांचेच दोन हजार आठशे टाके झाले. पानं आणि देठ मी मोजले नाहीत.

मामांनी जालन्याहून आणलेल्या दोऱ्याच्या लड्या घेऊन मी दिवस उगवताच शेतात जात असे. फूल तोडायचं नाही, तोडलं की रंग उतरतो. झाडावरच्याच फुलाला लडी टेकवून बघायची. लिंबासारखा पिवळा फार हिरवट निघाला, हळदीसारखा फार भडक. शेवटी दोन्हींचा एकेक पदर सुईत एकत्र ओवला, तेव्हा कुठं रंग जुळला. फुलाच्या गळ्याशी किरमिजी. मग त्याच फुलाच्या देठाला दोरा बांधून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. फूल मिटत आलं होतं आणि लाल पडलं होतं. त्याच्यासाठी डाळिंबी दोरा काढला. ताजी फुलं लांब-आखूड टाक्यानं भरली, म्हणजे पाकळी उघडी दिसते. मिटलेली फुलं देठटाक्याच्या बारीक ओळींनी केली, म्हणजे पाकळी पिळल्यासारखी दिसते. पिवळं आणि लाल एकाच फांदीवर शेजारी असतं, कारण एक आजचं असतं आणि एक कालचं. रोज शेतात जाणाऱ्यांनाही ते दिसत नाही, मला ते कापडावर दाखवायचं होतं. अकरा महिने लागले. मला स्थळ येईल तेव्हा हाच रुमाल पुढं ठेवायचा, असं आईनंच ठरवलं होतं.

स्थळ आधी कमलला आलं, जालन्याचं. मुलगा कचेरीत कारकून. मुलाची आई म्हणाली, "पोरीच्या हातचं काही दाखवा की." काकू आत आली, माझी पेटी उघडली आणि माझा रुमाल नेऊन त्यांच्या मांडीवर पसरला. मी दाराआड होते. आई तिथंच, पाहुण्यांसमोर पोह्यांच्या ताटल्या घेऊन बसली होती.

मुलाच्या आईनं रुमाल फिरवून फिरवून पाहिला. म्हणाली, "काम झ्याक हाय. पण एकाच फांदीला पिवळी न् लाल फुलं कशी गं?"

कमल कधी शेतात गेलेली नव्हती. ती खाली मान घालून म्हणाली, "पिवळा दोरा संपला, मंग लाल लावला."

सगळे हसले. मुलाची आई तर खूश झाली. "पोरगी काटकसरी हाय. दुसरी असती तर नव्या दोऱ्यासाठी बापाला बाजारात पळवलं असतं." तिथल्या तिथं सुपारी फुटली.

रुमाल गेला त्याचा राग मला आला, पण तो राग सोसला असता. माझ्या दोन दिवसांच्या फुलाला 'दोरा संपला' म्हणाले, आणि त्यावर वाहवा मिळाली, ते सोसलं नाही. लग्नात आंदणाच्या भांड्यांवर तो रुमाल पसरलेला दिसला, तेव्हा तो माझ्या हातचा आहे, असं मी चार बायकांत बोलले. काकूनं छातीवर हात मारून घेतला. "जळती माझ्या पोरीवर!" सगळ्या आळीनं तिचंच खरं मानलं.

आष्टीत बाईच्या हातच्या कामाला कुणी आकडा लावत नव्हतं. जालन्यात मोजल्याशिवाय काही हलत नव्हतं. मामांच्या ओळखीनं एका मारवाडी व्यापाऱ्याच्या घरी मला भरतकाम मिळालं. त्यांच्या घरातल्या थोरल्या बाईजींनी मला पहिल्याच दिवशी शिकवलं, "हात का काम गिनके देना, गिनके लेना." फुलाला बारा आणे ठरले. गाठीच्या टाक्याला तिथल्या शाळेच्या बाई 'फ्रेंच नॉट' म्हणत. मीही म्हणू लागले. लडीवरचे रंगाचे नंबर पाठ झाले. पुढं माझं लग्न झालं, दोन खोल्यांचं बिऱ्हाड झालं. १९५३ साली वडील गेले, आणि आई काकूच्या चुलीवर राहिली. सगळं बदललं, पण कमल त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडं, माझ्या रुमालावर मान मिळवून राहत होती, हे एक दिवसही माझ्या मनातून गेलं नाही.

१९५६ च्या उन्हाळ्यात ती माझ्या दारात आली. डोळ्यांवर चष्मा. नणंदेचं लग्न ठरलं होतं आणि सासूला रुखवतात त्या रुमालाची जोडी हवी होती.

"अक्का, तुझ्या पाया पडते. माझी अब्रू राख."

"सुई न धरता सात वर्सं काय सांगत व्हतीस घरी?"

"डोळे दुखतात म्हणून. ह्यो चष्मा बी साध्या काचेचा हाय." ती हसली. मला हसू आलं नाही.

"करून देते," मी म्हणाले. तिनं सांगितलं, दोन दिवस आधी मागच्या दारानं आणून दे. मी बरं म्हणाले.

बारा फुलांचा रुमाल केला. माझं सगळं कसब त्यात ओतलं. कळी, पिवळं फूल, लाल फूल, मिटलेलं फूल आणि मग हिरवं बोंड, सगळं एका फांदीवर ओळीनं. एका फुलाच्या मधली एक गाठ तेवढी मुद्दाम घालायची बाकी ठेवली. सुई त्यातच टोचून ठेवली.

मागच्या दारानं मी गेले नाही. रुखवत मांडायच्या दुपारी, बायका जमलेल्या असताना, पुढच्या दारानं गेले आणि कमलचं काम म्हणून रुमाल पुढं ठेवला. कमलच्या सासूनं दोन्ही रुमाल शेजारी पसरले आणि हसत म्हणाली, "आगं कमल, ह्या खेपेला बी दोरा संपला का?"

"मावशी," मी म्हणाले, "ह्यात दोरा संपला न्हाई. त्यात बी संपला नव्हता. कापसाचं फूल पहिल्या दिवशी पिवळं आसतं, दुसऱ्या दिवशी लाल पडतं."

कोपऱ्यात तांदूळ निवडणारी म्हातारी पुढं सरकली. "बराबर हाय की! वीस वर्सं वेचणी केली मी. ह्ये आज कापडावर बघून ध्यानात आलं."

मग मी सुई कमलच्या हातात दिली. "तुझं काम हाय ना? एक गाठ राहिलीय, घाल."

तिनं सुई धरली. दोरा कुठं गुंडाळायचा हेच तिला ठाऊक नव्हतं. चष्मा काढला आणि रडायला लागली. सासू म्हणाली, "म्हंजे चष्म्याचे पैसे बी पाण्यात!" बायका इतक्या हसल्या की नवरीसुद्धा बाहेर आली. त्या घरात पुढं कितीतरी वर्षं मीठ संपलं, तेल संपलं, तरी कमलला 'दोरा संपला का?' म्हणत, असं मी ऐकून आहे. मला वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही.

सासूनं विचारलं, "तुझे किती झाले?"

"बारा फुलांचे नऊ रुपये. आन् जुन्या रुमालाचे अकरा."

नऊ तिनं मोजून दिले. जुन्याचं मात्र साफ सांगितलं, "तो आमाला आंदणात आलाय. तुझ्या काकूला माग."

मागितले. बंद पाकीट पाठवलं नाही, मुद्दाम पोस्टाचं उघडं कार्ड टाकलं, कारण आष्टीत कार्ड घरी पोचायच्या आधी चावडीवर वाचलं जातं. चौदा फुलं, फुलाला बारा आणे, साडेदहा रुपये, दोऱ्याचे आठ आणे, एकूण अकरा. खाली काकूचं नाव ठळक लिहिलं.

पौषात अकरा रुपयांची मनिऑर्डर आली. पाठवणार म्हणून काकूचं नाव. ते पैसे मी तीनदा मोजले. सात वर्षांत त्या दिवसासारखं जेवण गोड लागलं नव्हतं.

फाल्गुनात आई जालन्याला आली. पाणी घ्यायला हात पुढं केला, तेव्हा बोटांवर नखांपाशी चिरल्याचे वण दिसले. वाळलेल्या बोंडांची टोकं लागली की बोटं तशी होतात. आमच्या घरची बाई कधी दुसऱ्याच्या शेतात वेचणीला गेलेली नव्हती.

"काकूनं न्हाई दिले," आई म्हणाली. "म्हणली, मोजू दे तिला बसून. मंग मी वेचणीला गेल्ते. रोजचे आठ आणे. बावीस दिवस."

"आन् नाव तिचं का लावलं?"

"तुला तिच्याकडूनच पायजे व्हते ना."

मी भडकले. हे तुझं देणं नव्हतं, म्हणाले. आई म्हणाली, "मी तितंच बसल्ते की, ताटल्या घेऊन. रुमाल कुणाचा, मला ठावं व्हतं. काकू खोटं बोलली, आन् मी गप बसले. मंग माझ्याकडं काहीच निघत न्हाई का?"

रुमालाचा दोष कुणाकुणाचा, ते मी इतकी वर्षं मोजत आले आणि त्यात आईला कधी धरलंच नव्हतं. पैसे परत द्यायला गेले, तर तिनं मूठ उघडली नाही. "ठिव. तुझी मजुरी बराबर व्हती," म्हणाली.

ती आष्टीला परत गेली नाही, मी जाऊ दिलं नाही. काकूच्या घरात आता माझं कुणी नाही. गाव कुठलं विचारलं तर मी जालना सांगते, आणि घर म्हटलं की आई जिथं झोपते ती आतली खोली. काकूला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. पण हिशेब लिहायचा तर खरा लिहावा. रुमालाचे अकरा रुपये मला मिळाले. दिले आईनं.