मापाने वाढलेला भात

नवऱ्याच्या रेल्वेतल्या नोकरीपायी आम्ही वर्ध्याहून रायपूरला आलो आणि इथलेच होऊन गेलो. मुलं शिकून बाहेर पडली, तेव्हा घरात दोन माणसांचा स्वयंपाक उरला. त्याच सुमाराला समता कॉलनीजवळच्या एका लहानशा वसतिगृहातून विचारणा झाली. खेड्यांतल्या मुली अकरावी-बारावी करायला तिथे राहायच्या. एका वृद्ध बाईंनी आपलं दुमजली घर त्यासाठी दिलं होतं, आणि चार-पाच निवृत्त माणसांची समिती ते चालवायची. स्वयंपाक करणारी बाई आजारी होती. "आठ दिवस सांभाळा," म्हणाले. बाई बऱ्या होऊन परतल्या, तरी मी देखरेखीला राहिले आणि जवळजवळ पाच वर्षं सांभाळलं.

बारा मुली होत्या. फी कोणी भरू शकत नव्हतं. धान कापून झालं की प्रत्येकीच्या घरून तांदळाचं एक पोतं यायचं, बाकी सगळं देणगीवर. बाजार उठायच्या वेळी मी भाजीला जायची, कारण तेव्हा लाल भाजी आणि भोपळा मातीमोल मिळायचा. अंडं फक्त रविवारी. पहिली तीन वर्षं ओढाताण झाली, पण पोरी पोटभर जेवल्या एवढं मी छातीवर हात ठेवून सांगू शकते.

चौथ्या वर्षी सगळ्यात मोठे देणगीदार वारले आणि त्यांच्या मुलांनी हात आखडता घेतला. समितीत कोणीतरी म्हणालं, एखाद-दोन मुली कमी करू. मी ताडकन म्हणाले, "एकही कमी करायची नाही. मी भागवते."

भागवलं ते असं. स्वयंपाकाच्या बाईंना येऊ नका म्हणून सांगितलं आणि मुलींच्या पाळ्या लावल्या. रोज दोघींनी सकाळी मला मदत करायची. आणि भात मापाने वाढू लागले. दोन वाट्या भात, एक पळी डाळ. आमच्याकडे ताटावर बसलेल्या माणसाला आग्रह केल्याशिवाय राहवत नाही. माझी आई तर पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून वाढायची. मी मात्र त्या वर्षी "अजून हवा का?" हे विचारणंच सोडून दिलं. विचारलं तर द्यावं लागलं असतं. मुलीही मागायच्या नाहीत. ताट धुऊन गुपचूप वर जायच्या.

त्यांत बारावीची एक मुलगी होती, गरियाबंदकडच्या जंगलातल्या गावची. उंच, हाडापेराने मोठी. तिला नर्स व्हायचं होतं. तिच्या पाऱ्यातून, म्हणजे वस्तीतून, दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. स्वतःची पाळी संपली तरी ती स्वयंपाकघरातून जायची नाही. दुसरीला म्हणायची, "तू जा, पढ़ ले, मैं कर लूँगी." मी तांदूळ म्हणेपर्यंत तिने तांदूळ धुतलेले असायचे. उरलेल्या भातात पाणी घालून सकाळी बासी कशी करायची, सोबत कांदा-मिरची कशी द्यायची, हे तिनेच मला शिकवलं. शेवटी भाताचं मोठं पातेलं, म्हणजे गंज, आणि बाकीची जड भांडी घेऊन ती मागच्या मोरीवर जायची आणि लख्ख घासून आणायची.

मला बरं वाटायचं. खरं सांगते, फार बरं वाटायचं. मी घरी येऊन नवऱ्याला म्हणायची, "सोन्यासारखी पोट्टी आहे, सगळं माह्याआधी करून ठेवते."

एका सकाळी मात्र ती दारातच उभी राहिली. हातात वही होती.

"काकी, आज मत बुलाइए. केमिस्ट्री का टेस्ट है."

त्या दिवशी पाळीच्या दोघींपैकी एक तापाने पडली होती आणि दुसरी आताच कुठे कुकर लावायला शिकत होती. मी म्हणाले, "अर्ध्या तासाचं तर काम आहे ग. आटा मळून दे, मग जा."

"हव काकी," म्हणाली आणि वही फडताळावर ठेवली. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. मी तिला थांबवलं नाही, पण जा असंही म्हटलं नाही.

निकाल लागला. अकरावीच्या सगळ्या वर गेल्या, बारावीच्याही पास झाल्या. ती तेवढी राहिली, केमिस्ट्री आणि फिजिक्समध्ये. परीक्षेला पुन्हा बसता आलं असतं. प्रश्न होता, तोवर राहायचं कुठे.

समितीची बैठक वसतिगृहातच झाली. पोहे तिनेच केले होते. सगळ्यांनी वाखाणले, एका गृहस्थांनी दुसऱ्यांदा मागून घेतले. मग नापास मुलीचा विषय निघाला. कोणी दुष्टपणाने बोललं नाही. म्हणाले, जागा बाराच, दारात नव्या मुली उभ्या आहेत, एकीला दोनदा संधी दिली तर दुसरीची जाते. मग माझ्याकडे वळून विचारलं, "आपका क्या कहना है?"

मला म्हणायचं होतं, की ती अभ्यासाच्या वेळेत तुमचं स्वयंपाकघर चालवत होती. पण ते म्हणायचं तर पुढचंही म्हणावं लागलं असतं, की मी ते चालू दिलं. मी म्हणाले, "आप लोग जो ठीक समझें."

घरी आल्यावर नवऱ्याला सांगितलं.

"तू काहून नाही बोलली?"

"माह्या हातात काय होतं?"

"तोंड तं होतं ना," तो म्हणाला.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील न्यायला आले. वाळलेला, अंगाने लहान माणूस. येताना त्यांनी जंगलातली 'चार' आणली होती, त्यालाच आम्ही चारोळी म्हणतो. ती पुडी त्यांनी माझ्या हातात दिली. त्या दिवशी मी माप ठेवलं नाही, आग्रहाने वाढलं. जेवून हात धुतल्यावर ते हात जोडून म्हणाले, "रांधे बर सीख गे, बने होगे." रांधायला शिकली, बरं झालं. ते मनापासून आभार मानत होते. मुलगी पेटीला दोरी बांधत होती. तिने वर पाहिलं नाही.

त्या वर्षी तिच्या गावची एक मुलगी अकरावीला आली होती. हिवाळ्यात तिच्याकडून कळलं की आमची पोर रायपूरजवळच्या सिलतऱ्याला आहे, कारखान्याच्या मजुरांच्या मेसमध्ये स्वयंपाक करते. मी नवऱ्याला घेऊन गेले. ट्रकांच्या रांगा, झाडांच्या पानांवर काळी धूळ, आणि पत्र्याच्या शेडमध्ये ती, डोक्याला ओढणी बांधून, हातभर लांब झारा घेऊन. शिफ्ट सुटायची वेळ होती. साठ-सत्तर माणसांचा भात शिजत होता.

मला पाहून ती हसली. आधी आम्हा दोघांना जेवायला वाढलं, मगच बोलू दिलं.

मी ठरवून गेले होते ते सगळं बोलले. माझं चुकलं. त्या सकाळी तुला अभ्यासाला जाऊ द्यायला हवं होतं. फॉर्म मी भरते, आमच्या घरी राहा, परीक्षा दे.

तिने ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाली, "सच बोलूँ काकी? मैं काम के लिए रसोई में नहीं रहती थी. भूख लगती थी. गंज में जो चिपका रहता था, धोने से पहले खा लेती थी. इसलिए सबकी पाली ले लेती थी."

मोरीवर माझ्याकडे पाठ करून भांडी घासणारी ती मुलगी मी रोज पाहिली होती. चार हातांवर उभी असायची मी.

"मांगा क्यों नहीं?" एवढंच मला विचारता आलं.

"आप पूछते नहीं थे," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोसलं असतं. मग तिला कोणीतरी हाक मारली आणि ती भात उतरवायला गेली.

फॉर्म आम्ही भरला. तिने सही केली, फोटो दिला, येते म्हणाली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मी खोली झाडून ठेवली, पलंगावर धुतलेली चादर घातली. ती आली नाही. फोन बंद लागला. आठवड्याने सिलतऱ्याला गेलो, तर मेसचा ठेका दुसऱ्याकडे गेला होता. जुना ठेकेदार आपली माणसं घेऊन निघून गेला होता. कोणी रायगढ म्हणालं, कोणी ओडिशा. तिच्या गावीही कोणाला नीट ठाऊक नव्हतं. दर महिन्याला पैसे येतात आणि धाकटी बहीण शाळेत जाते, एवढंच वडिलांनी सांगितलं.

वसतिगृहात मी पुन्हा गेले नाही. नवऱ्याच्या पेन्शनीतून परत बोलावलेल्या स्वयंपाकाच्या बाईंचा पगार तेवढा महिन्याच्या महिन्याला पाठवते. समितीला वाटतं मी थकले. मीही तसंच सांगते. बाई कधी बाजारात भेटल्या की मी त्यांना विचारते, पोरी पोटभर जेवतात ना. त्या हो म्हणतात. मी बघायला जात नाही.