धोकादायक धुकं

लेम्पी कंगासला कुणी 'नाही' म्हटलं की आधी तिच्या कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या, मग तोंड सुटायचं. सुपीरियर सरोवराच्या काठावरच्या त्या गावात हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. खनिजाची जहाजं भरायच्या धक्क्यावर एक कँटीन होतं. तिथे लेम्पीने अर्धं आयुष्य कॉफी ओतली आणि वेलदोड्याचा पाव भाजला. मुकादमाची भीड तिने कधी ठेवली नाही आणि खलाशांना कधी लाडावलं नाही. कँटीन बंद पडल्यावर ती लायब्ररीत जाऊन बसली आणि समोरच्या कॉम्प्युटरशी भांडत भांडत तो शिकली. कुणी शिकवलं नाही, आणि तिने कुणाला शिकवूही दिलं नाही.

त्या गावात धुकं यायचं ते माहेरवाशिणीसारखं, न सांगता, थेट आतल्या खोलीपर्यंत. आधी सरोवर जायचं, मग धक्का, मग उचलता पूल, मग शेजारचं घर. आणि सगळं पुसून गेलं की जहाजांना वाट दाखवणारा भोंगा बोलायचा. वरून एक लांब सूर निघायचा आणि शेवटी खाली कोसळून घोगरा व्हायचा, 'भीऽऽऽ-ओ'. माणसं त्या आवाजात झोपायची, प्रेमात पडायची, भांडण अर्धवट सोडायची. गरोदर बायकांच्या पोटातली पोरंसुद्धा म्हणे त्या आवाजाला कूस बदलायची.

मग काठावर नव्या इमारती झाल्या. तिथे राहायला आलेल्यांना खिडकीतून पाणी हवं होतं, पाण्याचा आवाज नको होता. भोंगा बंद करायचा ठराव आला. लेम्पी नगरसभेत इतकं बोलली की शेवटी तिचा माईक बंद केला. ती माईकशिवाय बोलत राहिली. भोंगा गेला तो गेलाच. पण तो उतरवायच्या आधी, धुकं दाटलेल्या एका सकाळी, ती कँटीनच्या छपरावर चढली होती आणि लोकरीच्या टोपीत गुंडाळलेल्या टेपरेकॉर्डरवर तिने तो आवाज धरून ठेवला होता.

त्या आवाजाचं तिने काय केलं? स्क्रीनसेव्हर केला. कॉम्प्युटर रिकामा बसला की पडद्यावर बंदराचं चित्र यायचं, कडेकडेने धुकं सरकायचं, पूल विरघळायचा, आणि मधूनच, कधी ते सांगता यायचं नाही, भोंगा बोलायचा. स्वतःच्या साध्यासुध्या वेबपानावर तिने तो फुकट ठेवला. गावातल्या घराघरांत तो गेला. दातांच्या डॉक्टरकडे बसलेली माणसं तो ऐकत ऐकत पेंगायची आणि नंबर चुकवायची.

रेइनो माकी त्या पेंगणाऱ्यांतलाच. जन्मभर जहाजाचं सुकाणू धरलेला माणूस. कँटीनच्या शेगडीजवळचा कोपरा त्याचा. लेम्पी आणि त्याच्यामध्ये एक गोष्ट बोलायची राहून गेली होती, आणि ती तशीच राहू द्यायची हेही दोघांनी न बोलताच ठरवलेलं होतं. कमरेचं हाड मोडल्यावर मुलगी मार्लिस त्याला आपल्याकडे घेऊन गेली, थेट ॲरिझोनात, ट्यूसॉनला. वाळवंट. जिकडेतिकडे कोरडा, कडक उजेड.

"लेम्पी," एका दुपारी त्याचा फोन आला, "इथे सगळं दिसतं गं. डोळे मिटले तरी दिसतं. झोप येत नाही."

"गोळी घे."

"घेतली. उठताना तोल गेला, कपाळ फोडून घेतलं. मार्लिस रडायला लागली." तिकडे खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. "तिने नवा कॉम्प्युटर आणलाय. तुझं धुकं कुठून घ्यायचं ते सांग."

लेम्पी खुर्चीतून उठून उभी राहिली. तिने आवाज मात्र कडक ठेवला आणि वेबपानाचा पत्ता सांगितला. पलीकडे एकेक अक्षर दाबल्याचं ऐकू येत होतं. मग ते थांबलं.

"काय झालं?"

"लाल चौकट आली. म्हणतंय, ही फाइल धोकादायक आहे, म्हणून अडवली आहे."

"काय आहे?"

"धोकादायक."

कानाच्या पाळ्या पेटल्या. "माझं धुकं धोकादायक? अरे, त्या ब्राउझरला म्हणावं, तुझा बाप जन्मला नव्हता तेव्हापासून..."

"लेम्पी, मी मार्लिस बोलतेय." मुलीने फोन हातात घेतला होता. "बाबांकडे ही फाइल आलीच कशी? हा नुसता आवाज नाही, अख्खा प्रोग्रॅम आहे. व्हायरस असेच येतात."

"मार्लिस माकी, तू माझ्या कँटीनमध्ये लोण्याचा डबा सांडायचीस. मी तुझ्या बापाला व्हायरस पाठवीन?"

"तुम्ही नाही पाठवणार हो. पण तुमच्या पानावर कुणी आणून ठेवला असेल तर?"

"कुणाची टाप आहे! ऐक. ते असं म्हणतं कारण ही वस्तू फार कुणी घेत नाही. गर्दीने उचललेलं ते चांगलं, चार माणसांनी उचललेलं ते चोरीचं, असा त्यांचा न्याय. आम्ही चारच आहोत, तर काय जीव द्यायचा? त्या चौकटीच्या कडेला बाण असेल. तो दाब. मग 'तरीही ठेवा' असं येईल. ते दाब."

पलीकडे मार्लिसने फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला. मग रेइनोचाच आवाज आला, अगदी हळू.

"मी दाबणार नाही, लेम्पी."

"का?"

"तूच सांगितलंयस म्हणून. लाल दिसलं की हात मांडीवर."

लेम्पी खुर्चीत बसली. खरंच होतं ते. चर्चच्या तळघरात ती म्हाताऱ्या माणसांचा कॉम्प्युटरचा वर्ग घ्यायची. तिच्या शेजारच्या ईडाने एकदा अशीच लाल चौकट ओलांडली होती, आणि तिच्या गेलेल्या नवऱ्याचे सगळे फोटो कुणा चोराने कुलूपबंद करून टाकले होते. ते फोटो पुन्हा उघडले नाहीत. त्या दिवसापासून लेम्पीने एकच धडा टेबलावर हात आपटून आपटून शिकवला. लाल दिसलं की हात मांडीवर. कुणीही सांगू दे, ओळखीचा सांगू दे, पाद्री सांगू दे. पहिल्या बाकावर बसून रेइनो मान डोलवायचा. तिला वाटायचं, पेंगतोय.

आता एक शब्द पुरला असता. 'माझ्यासाठी दाब,' एवढंच. तो दाबेल, हे तिला माहीत होतं. आणि उद्या कुणीतरी गोड आवाजात 'माझ्यासाठी' म्हणालं, की पुन्हा दाबेल.

"हात कुठे आहेत तुझे?" तिने विचारलं.

"मांडीवर."

"तिथेच ठेव. बरोबर केलंस." तिने एक कागद पुढे ओढला. "लायब्ररीतल्या बाईला उद्या विचारते, नुसता आवाज त्यातून बाहेर कसा काढायचा ते."

"विचारशील? तू?"

"गप रे. विचारीन."

"पण लेम्पी, आज..."

तेवढं ऐकून ती उठली, आपला जुना कॉम्प्युटर रिकामा बसू दिला, आणि फोन स्पीकरला लावून उभी राहिली. पडद्यावर धुकं सरकलं. भोंगा बोलला. खोलीतली कपाटाची काच थरथरली.

"आला?"

"काहीच नाही आलं," मार्लिस म्हणाली. "फोनला तो पंख्याचा आवाज वाटत असणार. असले सलग आवाज तो गाळून टाकतो. माणसाचं बोलणं तेवढं ठेवतो."

लेम्पीने फोनकडे पाहिलं. मग खिडकीकडे. बाहेर स्वच्छ ऊन होतं, सरोवर काचेसारखं लखलखत होतं. तिने पडदा ओढला.

"रेइनो, आडवा हो. डोळे मीट. ऐक." तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला, कँटीनमध्ये कुणी कधी न ऐकलेला. "पाण्यावर पांढरं काहीतरी उठलंय. फार लांब आहे अजून. आता लांबचं जहाज गेलं. दिवा तेवढा दिसतोय, ओला, लोण्याच्या गोळ्यासारखा. गेला. आता धक्क्याचं टोक जातंय. कुणीतरी दोर गुंडाळतोय, त्याचे पाय नाहीत, नुसती टोपी तरंगतेय..."

"एडविन असेल," रेइनो पुटपुटला.

"एडविनच. टोपीही गेली." तिने श्वास भरला, हनुवटी छातीला टेकवली आणि जन्मात कधी केलं नव्हतं ते केलं. "भीऽऽऽ-ओ."

"खालचा सूर अजून खाली घे."

"मी भोंगा आहे का रे?"

"घे ना."

"भीऽऽऽ-ओऽ."

"हं."

तिने धुक्याने कँटीनची पायरी पुसली, चिमणी पुसली, शेगडीजवळची खिडकी पुसली. मधे मधे, कधी ते ठरवल्याशिवाय, ती भोंगा होत होती. घसा खरवडत होता. बोलता बोलता तिच्या खोलीतल्या कडाही मऊ झाल्या. कपाट कुठे संपतं आणि भिंत कुठे लागते ते कळेना. पलीकडून आता जड, संथ श्वास येत होता, बंदरात उभ्या जहाजाला पाणी लागावं तसा.

ती थांबली. फोन ठेवणार, तोच मार्लिसचा कुजबुजता आवाज आला.

"लेम्पी, उचलता पूल दिसतोय का अजून?"

"अर्धा दिसतोय," लेम्पी म्हणाली. "तूही टेक जरा. हा बघ, चालला."